आमची वाटचाल : इन्सर्टच्या कपाटाची किल्ली

1985 ला छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे आमच्यासारखे कितीतरी छोटे गाळे उभे राहिले. मी 1996 ला भाड्याच्या गाळ्यात एक जुनं लेथ टाकलं. पैसा माझा, हात मामाचा. मामा नात्यातला नव्हे, पण पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा मामाच. 0-25 मिलिमीटर मोजणारा मायक्रोमीटर तो रुमालात गुंडाळून आणायचा. जॉबला, म्हणजे मशीनवरच्या नगाला, लावून त्याच्या मुठीतल्या रॅचेटचे तीन टिचके कान देऊन ऐकायचा, मग आकडा सांगायचा. नव्या पोराकडून ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, दहा मायक्रॉनने कमी झाला तर ओरडायचा नाही. त्याच्याच हातात मायक्रोमीटर द्यायचा आणि म्हणायचा, "तूच बघ रे बाबा."

पुढे गाळा स्वतःचा झाला, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीन आल्या, चारची बावीस माणसं झाली.

2012 ला मी मोठ्या कंपनीत राहिलेला एक सुपरवायझर आणला. ओव्हरटाईमची वही, रजेचे अर्ज आणि इन्सर्टच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या पात्यांच्या, कपाटाची किल्ली, सगळं त्याच्या हवाली केलं आणि मी ऑर्डरी मिळवायला मोकळा झालो. ओव्हरटाईमला कायद्याने दुप्पट दर. गंगापूर, वैजापूरकडून आलेल्या पोराचं खोलीभाडं त्यातूनच निघतं. वहीत नाव घालणं एकाच माणसाच्या मर्जीवर गेलं, की पोरं मशीनकडे कमी आणि त्याच्या तोंडाकडे जास्त बघायला लागतात.

2013 चा उन्हाळा इकडच्या कुणाला विसरता येणार नाही. जायकवाडी तळाला गेलेलं, गावोगाव टँकर. आमचा एक सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, पैठणचा. त्याने नाथषष्ठीला दोन दिवस मागितले. सुपरवायझरने अर्ज सगळ्यांसमोर फाडला. सेटर काही न बोलता मशीनवर जाऊन उभा राहिला. मी केबिनच्या काचेतून हे बघितलं आणि उठलो नाही. शिस्त लागतेय, असं मला वाटलं.

महिन्याभरात चिकलठाण्याच्या गिऱ्हाइकाकडून बाराशे बुश, म्हणजे आरपार भोकाचे नळीसारखे नग, परत आले. भोक तपासायच्या प्लग गेजचं गो टोक, जे आत जायलाच हवं, तेच आत जाईना. बोअरिंगचा इन्सर्ट झिजत गेला, आयडी, म्हणजे आतला व्यास, लहान होत गेला आणि नग भरायचे म्हणून माल तसाच गेला. मी पैठणच्या पोराला विचारलं, तुला दिसत नव्हतं का? तो म्हणाला, "दिसत होतं साहेब. इन्सर्ट मागितला की 'झाडाला लागतात का' म्हणायचे. पुन्हा मागितला की ओव्हरटाईम जायचा. मग आम्ही मागणंच सोडलं."

त्याच आठवड्यात तो आणि आणखी दोन सेटर शेजारच्या गाळ्यात गेले. वर्षभर मी सांगत फिरलो की पाचशे रुपयांसाठी गेले. ते खरं नव्हतं. पण शेजाऱ्याने एवढ्यावर थांबायला हवं होतं. तो माझ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन सांगून आला, "तो आता उठलाच समजा." ज्याच्या मशीनचा बेल्ट तुटला तेव्हा मी रात्री अकराला माझा काढून दिला होता, तो माणूस. हे मी अजून विसरलेलो नाही.

चिकलठाण्याच्या परचेसच्या साहेबांनी मला समोर बसवून ते सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आठ दिवसांत माल दुरुस्त करून द्या. पुढचं पुढे." 1998 पासून ते आम्हाला काम देत होते. आयडी लहान होता म्हणून वाचलो, मोठा असता तर सगळे बुश भंगारात गेले असते. साठी उलटलेला मामा चार पोरं घेऊन आठ रात्री उभा राहिला. त्यांच्यापैकी एकानेही ओव्हरटाईमचं विचारलं नाही. तो मी नंतर दुप्पट दराने दिला, ते वेगळं.

पुढे एका प्रशिक्षणात ऐकलं की फ्रेंच आणि रेव्हन या दोन अभ्यासकांनी 1959 मध्ये सत्तेचे पाच आधार मांडले : पद, बक्षीस, शिक्षा, जाणकारी आणि माणसाबद्दलची आपुलकी. कामातलं समाधान शेवटच्या दोनांशी जास्त जोडलेलं दिसतं आणि शिक्षेच्या धाकाने ते घटतं, असंही तिथे सांगितलं. माझ्या सुपरवायझरकडे पहिले तीन होते आणि तिन्ही मीच दिले होते. मामाकडे उरलेले दोन होते, ते त्याला कुणी दिलेले नव्हते.

नवीन गाळा टाकणाऱ्यांना सांगतो, ओव्हरटाईमची पाळी भिंतीवर लावा, म्हणजे कुणाला कुणाची मर्जी राखावी लागत नाही. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या रजा आधीच धरून चाला. सुपरवायझर नेमताना त्याला एकदा मशीनवर उभा करा. हात चालत नसेल तर तो जिभेनेच काम करून घेणार.

आमच्या इन्सर्टच्या कपाटाला आता कुलूप नाही. तिघांपैकी एक जण 2015 ला परत आला, आज तोच सुपरवायझर आहे आणि मामाचा मायक्रोमीटर त्याच्याकडे आहे. पैठणचा आणि दुसरा शेजारीच राहिले. शिफ्ट सुटताना रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात. त्या फाटलेल्या अर्जाबद्दल पैठणच्याशी बोलायचं माझ्याकडून अजून झालेलं नाही.