आमची वाटचाल : पुंगळीपासून जाळीपाइपापर्यंत

आमचं गाड्यांच्या सायलेन्सरांचं दुकान. २००१ साली आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सेकंडहँड टाटा २०७ पिकअप घेतली. कोल्हापूरजवळ आमचं गाव. गुऱ्हाळावरनं गुळाचे रवे भरायचे, शाहू मार्केट यार्डात टाकायचे, आणि हंगाम नसला की गगनबावड्यावरनं कोकणात भाजी न्यायची. गाडी चांगली होती, सायलेन्सर तेवढा गंजून चाळण झालेला. नवा घ्यायला पैसे नव्हते. मी नुकताच आयटीआयला वेल्डर ट्रेडला लागलो होतो, म्हणजे रॉड चिकटला नाही की स्वतःला मिस्त्री समजायचं ते वय. आण्णा म्हणाले, "बघ काय जमतंय का."

जमवलं. ट्रॉल्या बनवणाऱ्या शेजाऱ्याकडनं वेल्डिंग मशीन मागून आणलं, गोठ्यामागं गाडी दगडांवर चढवली (आज कुणी असं केलं तर मी त्याला दुकानातनं हाकलून देईन), जुना डबा कापून आतले पडदे काढून फेकले आणि नळाच्या कामातनं उरलेला जीआय पाइप सरळ जोडून टाकला. किल्ली फिरवली आणि काय तो आवाज! गल्लीतली पोरं गोळा झाली. आण्णांनी चेहरा गंभीर ठेवून तीनदा रेस केली. आमच्या दुकानाची सुरुवात विचाराल तर ती ही, आणि त्यात एकही गोष्ट बरोबर नव्हती.

पहिली चूक त्याच रात्री कळली. थंडी वाजून ताप, तोंडाला धातूची चव, अंग मोडून आलेलं. आईनं काढा दिला, सकाळी ताप गायब. आयटीआयतल्या सरांना सहज सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "काल काय जोडलंस?" जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या आचेनं तो जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की काही तासांनी असा ताप भरतो. वेल्डरांच्यात यावर दूध प्यायची पद्धत आहे. दूध प्यावं, चांगलंच असतं, पण धूर आत गेलेला असतो तो गेलेलाच. तेव्हापासून आमच्याकडं गाडीखाली जीआयचा तुकडासुद्धा लागत नाही.

दुसरी चूक गल्लीला कळली. यार्डात सौद्याच्या आधी पोचायचं म्हणजे पहाटे चारला निघायचं. चारला आमची २०७ सुरू झाली की कुत्री भुंकायला लागायची, मग पाळण्यातली पोरं, मग त्यांच्या आया. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "गाडी चालू करताय का बोअर मारताय?" आण्णांचा स्वभाव भिडस्त. दुसऱ्या दिवसापासून मी, आई आणि धाकटा भाऊ, आम्ही तिघं गाडी ढकलत चौकापर्यंत न्यायचो, आण्णा स्टेअरिंगवर. गुळानं भरलेली असली तर आदल्या संध्याकाळीच चौकात लावायची. असं दोन महिने चाललं.

तिसरी चूक अंगावर येणारी होती. पावसाळ्यात रिकामी गाडी घेऊन करूळ घाट चढताना काचा बंद होत्या. आण्णांचे डोळे चुरचुरायला लागले, डोकं जड झालं, झापड यायला लागली. त्यांनी गाडी कडेला घेतली, दार उघडून पावसात जाऊन बसले, तेव्हा बरं वाटलं. पाइपाचं तोंड मी केबिनच्या मागं, हौद्याखालीच सोडलं होतं. गाडी पळत असली की केबिनच्या पाठीमागं हवेची पोकळी तयार होते आणि धूर मागं न जाता तिथं घुटमळतो, तिथनं तळाच्या भोकांतनं आत. पाइप हौद्याच्या शेवटापर्यंत किंवा बाजूनं चाकामागं बाहेर काढलाच पाहिजे. आठ-दहा फूट पाइप वाचवला म्हणून खूश झालो होतो मी.

मग पहिला डबा केला. सोळा गेजचा पत्रा गोल वळवला, मधनं भोकांचा जाळीपाइप, भोवती ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर. गॅस सरळ जातो, अडत नाही, पण आवाजाच्या लाटा भोकांतनं लोकरीत शिरतात आणि तिथं विरतात. कंपनीचा डबा वेगळा असतो, त्यात कप्पे आणि पडदे असतात, लाट आपटून परत फिरते आणि पुढच्या लाटेला मारते. आमचा डबा पंधरा दिवस झकास चालला. मग मागनं लोकर उडायला लागली, म्हातारीचे केस उडतात तशी. गरम गॅसनं ती भोकांतनं ओढून नेली होती. उपाय आईच्या मोरीत सापडला. भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या घासण्या उलगडून जाळीपाइपावर आधी तो थर गुंडाळला, वर ग्लासवूल. डझनभर घासण्या लागल्या. तो डबा गाडी विकेपर्यंत टिकला. काकूंनी पुढं एकदा विचारलं, "आता जात नाही का रं तुझा बाप यार्डात?"

यार्डातल्या ड्रायव्हर मंडळींनी गाडी ऐकली आणि गिऱ्हाइक सुरू झालं. २००६ मध्ये उद्यमनगरात दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला. उद्यमनगरात एक सोय अशी की काही अडलं तर चार दारं सोडून कुणीतरी ते करत असतं : लेथ, गॅस कटिंग, पत्रा वळवणं. बेंडिंग मशीन परवडत नव्हतं. आण्णांनी गाडी चालवणं सोडलं होतं, ते पाइपात कोरडी वाळू ठासून भरायचे, दोन्ही तोंडं बंद करायचे, लाल होईपर्यंत तापवून वाकवायचे. वाळूनं पाइप दबत नाही, आतली गोलाई राहते. हायड्रॉलिक मशीन २०१३ ला घेतलं, पण ते बाक देताना पाइप थोडा चपटा करतंच. आण्णा शेवटपर्यंत त्या बेंडांकडं बघून तोंड वाकडं करायचे.

आता नको असलेला भाग. त्याच काळात गावोगाव बुलेटा आल्या. पोरं यायची, "मिस्त्री, पुंगळी काढा." पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी. दहा मिनिटांचं काम, रोख पैसे, आणि दिवसाला पाच-सहा गाड्या. आम्हीही केलं, तीन वर्षं केलं, गाळ्याचं डिपॉझिट त्यातनंच फिटलं. मग एके दिवशी एका पोराचे वडील आले. गाडी पोलिसांनी उचलली होती. ते भांडायला आले नव्हते, नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला पोरं नाहीत का?" त्यांना मी तेव्हा उलट बोललो. पुंगळ्या काढणं त्यानंतर सहा महिन्यांनी बंद केलं, लगेच नाही. बंद केल्यावर धंदा अर्ध्यावर आला. पुढं २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये आवाजाच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने बाद अशी तरतूद झाली. गाडीत परवानगीविना फेरफार केल्याचं कलम वेगळंच. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरतानाचे फोटो आता पेपरात येतात, आणि त्यातले काही डबे ओळखीचे वाटतात.

२०१८ ला एक तरुण इसुझूची मोठी पिकअप घेऊन आला. मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ दाखवून म्हणाला, असा आवाज पाहिजे. त्याला बसवून चहा पाजला. त्या गाड्यांत आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं, क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) रचना अशी की एका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत. ती जी गुडगुड आहे ती त्या वेड्यावाकड्या तालाची. आपलं चार सिलिंडरचं डिझेल, दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका, लेझीमसारखा नेमका. वर धुराच्या वाटेतलं टर्बोचं पातं तो ठोका आधीच मोडून टाकतं. पाइप काहीही लावा, ढोलकीतनं तबला निघत नाही. त्याला पटलं नाही, पण तो थांबला. आम्ही मागचा डबा जाळीपाइपाचा केला. आवाज थोडा भरीव झाला, मोठा नाही.

गोव्याला जाऊन आला आणि तक्रार : हायवेला दोन हजार आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना, केबिनमध्ये घूंऽऽ असा घुमारा, डोकं उठतं. हे आम्हाला नवीन नव्हतं, उत्तर मात्र नव्हतं. डिप्लोमा करणाऱ्या पुतण्यानं वहीत गणित मांडलं. दोन हजार आरपीएमला चार सिलिंडरचे सेकंदाला साधारण ६७ ठोके. गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला अंदाजे ५०० मीटर. म्हणजे एक लाट साडेसात मीटरची. तिच्या पाव लांबीचा, शेवट बंद असलेला पाइप मुख्य पाइपाला फांदीसारखा जोडला तर लाट आत जाऊन उलटी होऊन परत येते आणि मूळ लाटेला खाते. पाव म्हणजे १.८७ मीटर, सहा फुटांच्या वर. बंद टोकाला गॅस थंड असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा आखूड लागतो. आम्ही मुद्दाम लांब जोडला आणि चालवून बघत इंच-इंच कापत आलो. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आरपीएमचा काटा दोन हजारावर नेला आणि घुमारा नाही. पुतण्या काही बोलला नाही, नुसता हसत होता. त्या कामात पैसे सुटले नाहीत, पण अशा घुमाऱ्याच्या गाड्या आज सांगली-साताऱ्याहून येतात.

लॉकडाऊनमध्ये गाळा बंद, मग जनरेटरचे सायलेन्सर घ्यायला लागलो, ते आजही चालू आहेत. २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर डिझेल गाड्यांत डीपीएफ आला, काजळी धरून ठेवून मग ती जाळणारा फिल्टर. "तो कापून सरळ पाइप टाका" म्हणणारे आठवड्याला एक-दोन येतातच. आम्ही तो कापत नाही. सेन्सर दिवा लावतो, गाडी ताकद तोडते, धूर बाहेर. आमचं बहुतेक काम आता फुटलेले बेलो (पाइपातले लवचिक जोड), पाइप टांगणारी तुटलेली हँगर रबरं, फ्लँजच्या, म्हणजे बोल्टच्या जोडांच्या गळत्या, चिरलेले डबे.

घरी करून बघणारे अजूनही फोन करतात, आणि मी त्यांना नाही म्हणत नाही, मी कोण म्हणणार? फक्त एवढं विचारतो : घोड्या लावल्यात का, नुसत्या जॅकवर तर नाही ना? बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलीत का, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाईल. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ आहे ना? डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठं आहेत ते बघितलंत का, आणि शेजारी ओलं पोतं, पाण्याची बादली? आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवून आवाज ऐकत बसू नका. निम्मे फोन इथंच "बरं, घेऊन येतो" वर संपतात.

येताना गाडी थंड करून आणा. घाटातनं तडक आलात तर पाइपाला हात लागत नाही, चहा होईपर्यंत थांबावं लागतं. टपरी समोरच आहे, पैसे आमचे.