फर्नेस आणि एसी बदलायचे, पण पैसे कुठून आणायचे?

"घरातली फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आणि एसी दोन्ही वीस वर्षांची झाली आहेत. बदलायला पंधरा हजार डॉलर सांगितले आहेत, एवढे पैसे एकदम कुठून आणायचे?" हा प्रश्न न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून मला वरचेवर विचारला जातो. मी हिशेबनीस आहे, यंत्रे दुरुस्त करणारी नाही, आणि बहुधा म्हणूनच लोक माझ्याकडे येतात. सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इथे आलेल्या आपल्यातल्या अनेकांनी एडिसन, पिस्कॅटवेच्या बाजूला थोड्याफार वर्षांच्या अंतराने घरे घेतली. त्या घरांतली यंत्रणा आता म्हातारी होते आहे आणि नेमकी त्याच वेळी मुलांच्या कॉलेजची फीही समोर उभी राहते.

माझे मत असे, की यंत्रणेची किंमत जेवढी तिच्या टनांवर, म्हणजे क्षमतेवर, ठरते, तेवढीच ती तुम्ही कोणत्या आठवड्यात विकत घेता यावरही ठरते. जानेवारीत फर्नेस बंद पडली आणि घरात आजी-आजोबा कुडकुडत बसले असले, की माणूस तीन ठिकाणी भाव विचारत नाही; जो येईल त्याच्या टॅब्लेटवर सही करतो. तोच माणूस एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये, जेव्हा कंत्राटदारांकडे काम कमी असते, तेव्हा निवांत घासाघीस करू शकतो. म्हणून या शनिवारी अंगणातल्या कंडेन्सरच्या (एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या) बाजूला लावलेली पत्र्याची पट्टी नीट वाचा. उन्हाने फिकट झाली असली तरी निर्मितीचे वर्ष किंवा निदान सीरियल नंबर त्यावर सापडतो आणि बहुतेक कंपन्यांच्या सीरियल नंबरवरून वर्ष काढता येते. एसी साधारण बारा ते पंधरा वर्षे आणि गॅसची फर्नेस पंधरा ते वीस वर्षे चालते, हे धरून चालावे.

त्याच पट्टीवर एसीतल्या, थंडावा देणाऱ्या गॅसचे नाव असते. तिथे आर-22 लिहिले असेल, तर गळती झाल्यावर नव्याने गॅस भरण्यात पैसे घालू नयेत, कारण अमेरिकेत त्याचे नवे उत्पादन आणि आयात 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे आणि उरलेला साठा महाग मिळतो. आर-410ए लिहिले असेल, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. 2025 पासून त्या गॅसवर चालणारे नवे घरगुती एसी बनवणे बंद झाले असले, तरी जुन्यांच्या दुरुस्तीसाठी तो मिळतो. "तुमचा गॅस आता बंद झाला" एवढ्या एका वाक्यावर चालता एसी मोडीत काढायला लावणारे विक्रेते आहेत, हे लक्षात असू द्यावे.

तसेच, बंद पडलेली प्रत्येक यंत्रणा मेलेली नसते. बाहेरचा पंखा फिरत नसेल, तर अनेकदा दोष कपॅसिटरचा (मोटर सुरू करायला मदत करणाऱ्या विजेच्या भागाचा) असतो, आणि तो भाग स्वस्त आहे. फर्नेस पेटून काही सेकंदांत विझत असेल, तर ज्योत ओळखणारी ती बारीक कांडी काजळून गेलेली असू शकते आणि ती घासून पुसली की काम भागते. याउलट हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) चीर गेली असे सांगितले, तर ते हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो. फर्नेस बंद ठेवा, कॅमेऱ्याने ती चीर दाखवायला सांगा आणि दुसऱ्या माणसाचे मत घेऊनच निर्णय करा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कर्जाची. विक्रेता तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकूण किंमत सांगण्याआधी महिन्याचा हप्ता सांगतो, आणि तिथेच आपली माणसे, जी भाजीवाल्याशी दहा सेंटसाठी वाद घालतील, गप्प बसतात. पंधरा हजारांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 198 डॉलर येतो, म्हणजे ऐकायला दोनशेच्याही आत, पण शेवटी भरलेली रक्कम जवळपास 23,800 होते. "अठरा महिने व्याज नाही" या योजनेत दोन वेगळे प्रकार असतात. एकात खरोखरच व्याज नसते. दुसऱ्यात व्याज फक्त मागे ठेवलेले असते, आणि मुदतीच्या शेवटी थोडी जरी बाकी राहिली, तरी ते पहिल्या दिवसापासून लावले जाते. सही करण्यापूर्वी हे दोनांपैकी कोणते, ते कागदावर दाखवायला सांगा. शिवाय बिनव्याजी कर्जासाठी वित्तकंपनी कंत्राटदाराकडून शुल्क घेते आणि तो ते किंमतीतच मिसळतो, म्हणून "रोख दिले तर किती?" हा प्रश्न न लाजता विचारावा.

यापेक्षा बरे मार्ग आहेत. न्यू जर्सीतल्या वीज आणि गॅस कंपन्यांच्या ऊर्जाबचत योजनांत पात्र यंत्रणेसाठी बिनव्याजी कर्ज मिळू शकते आणि त्याचा हप्ता महिन्याच्या बिलातच येतो. घरावरच्या क्रेडिट लाइनचा (घर तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलण्याच्या सोयीचा) व्याजदर क्रेडिट कार्डापेक्षा बराच कमी असतो, पण ती मंजूर व्हायला काही आठवडे लागतात आणि घर तारण राहते, तेव्हा ती गरज पडण्याआधीच उघडून ठेवलेली बरी. केंद्र सरकारची करसवलत मात्र आता हिशेबात धरू नका, कारण 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रणेला ती मिळत नाही. जुनी माहितीपत्रके अजून फिरत आहेत. उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांनी वेदरायझेशन असिस्टन्स (घरातली ऊर्जेची गळती कमी करायला मदत) आणि लिहीप (LIHEAP, घर गरम ठेवण्याच्या खर्चाला मदत) या सरकारी योजनांकडे अर्ज करावा. निवृत्त आई-वडिलांच्या नावावर घर असेल, तर त्यांचे उत्पन्न बसते का, हे जरूर पाहावे.

भाव मागताना टन वाढवून घेण्याचा मोह टाळा. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक). घराच्या खिडक्या, भिंती आणि गळती मोजून केलेला मॅन्युअल जे नावाचा हिशेब मागा. गरजेपेक्षा मोठा एसी घर चटकन थंड करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो. आणखी एक, जास्त कार्यक्षम फर्नेस आली की तिचा धूर प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर जातो आणि जुन्या चिमणीत एकट्या वॉटर हीटरचा धूर उरतो. त्यासाठी चिमणीत अस्तर बसवावे लागू शकते, त्या खर्चाचा कोटेशनमध्ये उल्लेख आहे का, ते बघा.

आणि ज्यांची फर्नेस आजच, थंडीत बंद पडली आहे, त्यांनी आधी वेळ विकत घ्यावा. तेल भरलेले दोन-तीन विजेचे हीटर काही शे डॉलरांत येतात. ते एक्स्टेंशन कॉर्डला न लावता थेट भिंतीतल्या आणि वेगवेगळ्या सर्किटवरच्या सॉकेटला लावावेत. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवावेत, म्हणजे पाइप गोठून फुटण्याचा धोका कमी होतो. एवढ्यावर चार दिवस निघतात, आणि तेवढ्यात तीन कंत्राटदार येऊन जातात.