दादाच्या सीड्या, बाबांचा जेझबॉल आणि माझं विंडोज ११

जितका गेम जुना तितका तो आजच्या लॅपटॉपवर चालवायला सोपा. ऐकायला उलटं वाटतं पण माझा अनुभव शंभर टक्के असाच आहे. १९९० चा गेम चहा उकळेपर्यंत चालू झाला, १९९७ चा चालायला अख्खा रविवार गेला, आणि त्यानंतरचा जो एक होता, आख्ख्या पाऊचमधला एकमेव ओरिजिनल, त्याने शेवटपर्यंत दाद दिली नाही.

झालं असं की आईबाबांची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झाले आणि सामान काढताना माळ्यावर दादाचा सीड्यांचा पाऊच सापडला. दादा तिकडे कॅनडात, त्याला फोटो पाठवला तर लगेच फोन, "टाकू नकोस हां, त्यात एज आहे, प्रिन्स आहे, सगळं आहे", म्हणजे एज ऑफ एम्पायर्स आणि प्रिन्स ऑफ पर्शिया हे गेम. बाबा बँकेतून रिटायर झालेत, ते नुसते ऐकत होते आणि मग हळूच म्हणाले, तो चेंडू आणि भिंतींचा गेम पण असेल बघ त्यात, ब्रँचमधून फ्लॉपीवर आणलेला. म्हणजे जेझबॉल. दादाने फ्लॉप्या मरायच्या आधी सगळं एका सीडीवर उतरवून ठेवलं होतं, त्याबद्दल त्याला मानलं.

पहिली अडचण, लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई आणि तिथून चालत तपकीर गल्ली. यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह मागितला तर दुकानदार म्हणाला ताई लग्नाची सीडी बघायची का, म्हटलं नाही गेम खेळायचाय, त्यावर तो जे हसला ते ड्राइव्ह पिशवीत टाकेपर्यंत हसत होता. असो, ड्राइव्ह मिळाला.

घरी आल्यावर आधी सगळ्या सीड्यांच्या आयएसओ फाइली करून घेतल्या, म्हणजे आख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, कारण काही सीड्यांचा वरचा चंदेरी थर सुटायला लागला होता. विंडोज ११ मध्ये आयएसओवर डबल क्लिक केलं की ती सीडी घातल्यासारखी दिसते, वेगळं काही टाकावं लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या गेमचं म्युझिक सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं असतं त्याची आयएसओ केली तर ते म्युझिक येत नाही, तिथे बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची इमेज करावी लागते. आणि अँटिव्हायरसने स्कॅन कराच. दादाच्या काही सीड्यांवर गेमपेक्षा व्हायरस जास्त होते.

आता प्रिन्स ऑफ पर्शिया, तोच तो १९९० चा. डबल क्लिक केलं तर विंडोज म्हणालं हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. कारण असं की हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधी कमांड टाइप करून पीसी चालवायचो त्या सिस्टीमचा, १६ बिट प्रोग्रॅम. १६, ३२, ६४ बिट म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलाय ते, आकडा जितका लहान तितका जुना. आधीच्या ३२ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा एक भाग होता जो डॉसचे प्रोग्रॅम चालवायचा, तो प्रोसेसरच्या एका खास मोडवर अवलंबून, आणि प्रोसेसर ६४ बिटमध्ये चालत असला की तो मोड मिळतच नाही. त्यामुळे ६४ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटच येतं, म्हणजे तो दरवाजा बंद. पण त्याला पर्याय इतका मस्त आहे की दरवाजा बंद झाल्याचं दुःख होत नाही. डॉसबॉक्स. फुकट आहे, आणि हा आख्खा जुना पीसीच आत उभा करतो, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, साउंड ब्लास्टर सगळं खोटं खोटं. गेमचं फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवायचं, डॉसबॉक्स उघडून माउंट सी आणि पुढे फोल्डरचा पत्ता टाइप करायचा, मग सी कोलन, मग प्रिन्स, झालं, सुरू. एखाद्या गेमचा सेटअप साउंड कार्ड विचारतो तिथे साउंड ब्लास्टर १६ सांगायचं, पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. साउंड कार्डाशी कुठून बोलायचं ते सांगणारे हे आकडे डॉसबॉक्समध्ये आधीच ठरलेले असतात. नव्वदीत हेच आकडे जुळवताना दादाचं आणि त्याच्या मित्रांचं भांडण व्हायचं ते मला आठवतंय.

स्पीडचा मात्र घोळ होतो. त्या काळचे काही गेम प्रोसेसर किती फास्ट आहे त्यावरच पळायचे, म्हणून तर जुन्या कॅबिनेटवर टर्बोचं बटण असायचं, ते मशीन स्लो करायला होतं हे मला आत्ता कळलं. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ ११ दाबलं की हळू, कंट्रोल आणि एफ १२ दाबलं की फास्ट. लॅपटॉपवर बरोबर एफएन पण दाबावं लागलं, नाहीतर नुसता आवाज नाहीतर ब्राइटनेस कमीजास्त होत बसतो. माउस आत अडकला तर कंट्रोल एफ १०. प्रिन्सला यातलं फारसं काही लागलं नाही. तो काय सुंदर पळतो अजून, जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग करून त्यावरून ती ॲनिमेशन काढली होती, त्यामुळे त्या प्रिन्सला वजन आहे, कठड्यावर चढताना तो खरंच दमतो. माझा मुलगा साठ मिनिटांचा टायमर बघून म्हणाला, सेव्ह नाही का करता येत. मी त्याला प्रिन्स मेगाहिट टाइप करून शिफ्ट एल दाबून लेव्हल कशी उडवायची ते शिकवलं, आईपणाची कर्तव्यं असतात काही.

बाबांचा जेझबॉल १९९२ चा. हा पण १६ बिट, पण डॉसचा नाही, विंडोज ३.१ च्या जमान्यातला. म्हणून नुसत्या डॉसबॉक्समध्ये तो चालत नाही, आत विंडोज ३.१ टाकलं तर चालेल, पण बाबांना रोज डॉसबॉक्स उघड, मग त्यात विंडोज सुरू कर, हे कोण सांगणार. त्यांना डेस्कटॉपवर एक आयकॉन हवा. इथे कामाला आलं ओटीव्हीडीएम, याला वाइनव्हीडीएम पण म्हणतात. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन आहे ना, त्याचा १६ बिटचा भाग उचलून कोणीतरी विंडोजवरच बसवलाय. म्हणजे विंडोजचा प्रोग्रॅम विंडोजवर चालवायला लिनक्सवाल्यांची मदत, यापेक्षा मजेशीर काय असेल. फोल्डर उघडायचं, आपली ईएक्सई फाइल ओढून ओटीव्हीडीएमवर सोडायची. चिमुकली खिडकी उघडली, लाल पांढरे चेंडू आपटायला लागले, आणि बाबा चष्मा शोधायला उठले. मग त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला. त्यात भिंत आडवी की उभी हे बदलायला राइट क्लिक लागतं आणि टचपॅडवर ते बाबांना जमेना म्हणून साधा वायरवाला माउस आणला. पंचाहत्तर टक्के जागा बंद केली की पुढची लेव्हल, बाबा ब्रँचमध्ये लंच टाइमला कुठपर्यंत जायचे ते सांगत नाहीत पण आत्ताचा स्कोअर वहीत लिहून ठेवतात.

खरी डोकेदुखी पुढेच. विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळातले गेम ना धड जुने ना धड नवे. त्यांना डॉसबॉक्सचा उपयोग नाही आणि विंडोज ११ त्यांना अर्धवट ओळखतं. कितीतरी गेम असे की गेम ३२ बिट, तो चालला असता, पण त्याचा सेटअप १६ बिट, त्यामुळे इन्स्टॉलच होत नाही. दादाच्या एका गेमचं असंच होतं, तिथेही ओटीव्हीडीएमनेच सेटअप चालवला. त्यामुळे "चालत नाही" म्हणण्याआधी काय चालत नाही, सेटअप की गेम, एवढं बघून घ्या, अर्धा त्रास वाचतो.

एज ऑफ एम्पायर्स, १९९७. सेटअप झाला, मग विंडोजने डायरेक्टप्ले, म्हणजे जुन्या गेमना नेटवर्कवर खेळायला लागणारा विंडोजचा भाग, हवाय म्हणून सांगितलं. ते कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सच्या आत असतं, टिक करायची. मग गेम उघडला आणि रंग बघून हसावं की रडावं, गवत जांभळं आणि पाणी भलत्याच रंगाचं. हा गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो, म्हणजे स्क्रीनवर एका वेळी कुठले २५६ रंग हे गेम ठरवतो, आणि आजच्या विंडोजला ती पद्धत नावापुरतीच आठवते. विंडोज ७ वर लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम लावायचे, पण दर वेळी डेस्कटॉप गायब करून कोण खेळणार. गेमला जुन्या विंडोजवर असल्यासारखं वाटायला लावणाऱ्या कंपॅटिबिलिटी टॅबमधल्या टिका सगळ्या मारून बघितल्या, ते मला गुडघा दुखला की आई जो बाम लावायला सांगते त्यातला प्रकार वाटतो, लागला तर लागला. शेवटी सीएनसी-डीड्रॉ नावाची छोटी गोष्ट मिळाली. त्यातली डीड्रॉ डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची, मग गेम विंडोजच्या डायरेक्टड्रॉ या चित्रं काढणाऱ्या जुन्या भागाऐवजी हिच्याशी बोलतो आणि ही ते आजच्या ग्राफिक्स कार्डला समजेल असं करून देते. रंग जागेवर. स्क्रीनभर ताणल्यामुळे गावकरी जाडे दिसत होते, त्याच्या सेटिंगमध्ये मूळ आकार राखा असं केलं तर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येऊन माणसं पुन्हा बारीक. पुजारी वोलोलो म्हणाला तेव्हा मुलगा ओरडला, अरे हे मीममधलं आहे! त्याला मूळ गेम माहीतच नव्हता, वोलोलो माहीत होतं. २०१८ मध्ये याची नवी चकाचक आवृत्ती पण आलीये, नवरा म्हणाला ती घे ना सरळ. घेऊ, पण दादाची सीडी ती दादाची सीडी.

आणि आता तो ओरिजिनल. कार रेसिंगचा गेम, दादाने दिवाळीच्या पैशातून घेतलेला, डबा, मॅन्युअल, सीडीवर स्क्रॅच नाही. त्यावर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन. सीडीवर मुद्दाम न वाचता येणारे सेक्टर ठेवायचे आणि ते आहेत का हे एक ड्रायव्हर तपासणार, सेकड्रव्ह नावाचा. हा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो आणि त्यात सुरक्षेचा धोका, म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून तो चालूच दिला जात नाही, त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटमध्ये जुन्या विंडोजवरही बंद केला. निर्णय बरोबरच आहे, माझ्या बँकेच्या लॅपटॉपवर असला ड्रायव्हर मलाही नकोय. आयएसओ करायला गेले तर तेच मुद्दाम बिघडवलेले सेक्टर आडवे आले. गॉग या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर शोधला, तिथे जुने गेम प्रोटेक्शन काढून विकतात, पण हा नाही. रेसिंग गेममध्ये गाड्यांच्या कंपन्यांचं लायसन्स असतं, ते संपलं की गेम पुन्हा विकता येत नाही, ही या प्रकारातली नेहमीची अडचण.

म्हणजे बघा, स्टेशनजवळून पन्नास रुपयाला आणलेल्या सगळ्या कॉप्या चालल्या कारण त्यांचं प्रोटेक्शन तेव्हाच कोणीतरी काढून टाकलं होतं, आणि ज्याचे पूर्ण पैसे मोजले तोच तेवढा बंद. दादाला सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला डबा तरी ठेव.

बाकीचं सगळं झिप करून त्याला पाठवलंय. त्याच्याकडे मॅक आहे, २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिट काही चालत नाही, त्यामुळे एज लगेच मिळणार नाही. डॉसबॉक्स मॅकवर चालतो, तेव्हा सध्या प्रिन्स खेळ म्हटलं. काल रात्री त्याचा मेसेज, तिसऱ्या लेव्हलचा तो सांगाडा मरत कसा नाही. मी उत्तर दिलेलं नाही, लहानपणी त्याने मला सांगितलं नव्हतं.