तुम्ही विचारलंत म्हणून: सहा जणांची कंपनी

"छोट्या वेब डिझाइन कंपनीत काम करणं कसं असतं हो?" हा प्रश्न मला दोन तऱ्हांची माणसं विचारतात. नुकतं शिकून बाहेर पडलेली मुलं विचारतात, कारण अशी नोकरी समोर आलेली असते आणि घ्यावी की नाही ते ठरत नसतं. दुसरे असतात मोठ्या कंपन्यांत रुळलेले ओळखीचे लोक. त्यांच्या विचारण्यात 'अजून तिथंच?' हेही असतं. दोघांनाही मी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि नंतर ते अपुरं वाटत राहतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

आम्ही सहा जण आहोत. दोघी डिझाइन करतो, दोघं कोड लिहितात, एक जण सर्व्हर (साइट जिथं ठेवलेली असते तो संगणक), डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि जुन्या साइटची देखभाल बघतो, आणि कंपनी चालवणारे सर. ही झाली ठरलेली वाटणी. प्रत्यक्षात क्लायंटचा फोन जो उचलेल, त्याच्या गळ्यात ते काम. डोमेनची मुदत संपत आली, फोटो आडवा हवा होता तो उभा आलाय, कुणीतरी पासवर्ड विसरलंय, असलं सगळं. पहिल्या वर्षात मला याचा फार त्रास झाला. आज वाटतं की साइट म्हणजे काय हे मला त्या फोनांनीच शिकवलं.

आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? लोकांना वाटतं रंग आणि चित्रांत. खरं म्हणजे तो मजकुराची वाट बघण्यात जातो. पहिल्या बैठकीत क्लायंट सांगतो, "मजकूर आठवड्यात देतो," आणि ते तो मनापासून सांगत असतो. पण स्वतःच्या कामाबद्दल चार ओळी लिहायला बसलं की माणूस अडतो. वीस वर्षं हातांनी केलेलं काम शब्दांत उतरत नाही. मग 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय' असं काहीतरी येतं, जे कुणाच्याही नावाखाली खपून जाईल. पैशांचा शेवटचा हप्ता साइट सुरू झाल्यावर मिळतो, आणि मजकुराविना साइट सुरू होत नाही. सहा जणांचे पगार त्या चार ओळींपाशी अडकलेले मी पाहिलेत.

म्हणून आता मी मजकूर मागतच नाही. प्रश्न विचारते. गिऱ्हाईक पहिल्यांदा फोन करतं तेव्हा काय विचारतं? कुठलं काम तुम्ही घेत नाही? बोलताना माणसं मोकळी होतात, आणि मी ते जसंच्या तसं उतरवून घेते. जुनं फर्निचर दुरुस्त करणारे एक गृहस्थ सहज बोलून गेले, "लाकूड आतून पोकळ झालं असेल तर मी पैसे घेत नाही. सरळ सांगतो, दुसरं घ्या." तेच वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लावलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे मी बोललो?" माझ्या कामातला तो सगळ्यात सुंदर दिवस होता, असं मी आजही सांगते.

मजकूर येईपर्यंत पान भरायला 'लोरेम इप्सम' टाकायची पद्धत आहे. रोमन वक्ता सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लिहिलेल्या लॅटिन गद्याची ती मोडतोड. तिच्यावर कुठलंही डिझाइन देखणं दिसतं, आणि तिथंच फसगत होते. खरा मजकूर आला की एका ओळीचं शीर्षक चार ओळींचं होतं. देवनागरी असेल तर ओळींमधलं अंतर पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आमच्याकडे मी ती पद्धत बंद पाडली. दोनच खरी वाक्यं असली तरी त्यांवरच डिझाइन सुरू करायचं.

मी या कामात आले तेव्हा ९६० पिक्सेल रुंदीचं पान आखलं की झालं. १०२४ पिक्सेलच्या पडद्यावर ते नीट बसायचं आणि त्याचे दोन, तीन, चार, सहा, बारा असे सारखे रकाने पाडता यायचे. मग २०१० मध्ये वेब डिझाइनर ईथन मार्कोट यांनी पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली, 'रिस्पॉन्सिव्ह' हा शब्द रूढ झाला आणि आखलेलं सगळं मोडून पुन्हा शिकावं लागलं. मोठ्या कंपनीत असं काही शिकवायला कुणी नेमलेलं असतं. आमच्याकडे एकानं रात्री वाचायचं आणि सकाळी बाकीच्यांना सांगायचं. ही उणीव आहे, ती मी लपवणार नाही. एखादी गोष्ट आम्हा सहांपैकी कुणालाच ठाऊक नसेल, तर ती आपल्याला ठाऊक नाही हेसुद्धा बराच काळ कळत नाही.

राखाडी अक्षरांचंच घ्या. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं पुष्कळांना आवडतात. पण नजर अधू झालेल्या माणसाला ती वाचवत नाहीत. सुगम्यतेच्या, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, निकषाप्रमाणे साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा. #७७७७७७ (वेबवर रंग असे संकेतांकानं सांगतात) हा राखाडी पांढऱ्यावर ४.४८ भरतो, म्हणजे नापास. #७६७६७६ पास होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हे कळायच्या आधी मी कित्येक साइटवर नापास राखाडी वापरला होता. कळल्यावर आम्ही जुन्या साइट एकेक करून दुरुस्त केल्या. त्याचं बिल लावलं नाही, आणि सरांनी 'कशाला' असं एकदाही विचारलं नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. भाषा शिकवणाऱ्या एका बाईंची साइट आम्ही प्रवेशाच्या हंगामाच्या तोंडावर सुरू केली. चौकशीचा फॉर्म मी स्वतः भरून पाहिला होता, मेल पोचला होता. अकरा दिवसांनी बाईंचा फोन आला, "एकही चौकशी कशी नाही?" शोध घेतला तेव्हा कळलं, की फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता आम्ही 'पाठवणारा' म्हणून लावत होतो. मेल निघायचा आमच्या सर्व्हरवरून आणि त्यावर नाव दुसऱ्याचं, म्हणून पलीकडची मेल सेवा तो बनावट समजून नाकारायची. चाचणी करताना मी कंपनीचा पत्ता टाकला होता. त्या पत्त्याच्या नावानं मेल पाठवायची आमच्या सर्व्हरला परवानगी होती, म्हणून तेवढा एक मेल पोचला. फॉर्मची नोंद आम्ही दुसरीकडे कुठंही ठेवत नव्हतो. त्या अकरा दिवसांत कुणी कुणी विचारलं, ते कधीच कळणार नव्हतं.

बाईंना ते सांगायला फोन मीच केला. मध्ये घालायला दुसरा विभाग नव्हता, आणि असता तरी मला ते नको होतं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आता नीट चालतंय ना, तेवढं बघा." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

छोट्या कंपनीत काम करणं कसं असतं, याचं माझं उत्तर त्या फोनमध्ये आहे. आपलं चुकलं तर ज्याचं नुकसान झालं त्याचा आवाज आपल्याच कानात येतो. जमलं तर "हे मी बोललो?" हेही आपल्यालाच ऐकू येतं. पगार कमी असतो, सुट्टी घेताना पाच जणांचा विचार करावा लागतो, कार्डावरचं पद सांगून कुणावर छाप पडत नाही. नोकरी घेऊ का म्हणून विचारणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट तपासायला सांगते: तुमचं काम बाहेर जाण्याआधी ते मन लावून बघणारं तिथं कुणी आहे का? असेल तर जा.

तेव्हापासून साइट सुरू झाली की पुढच्या सोमवारी मी घरच्या, अगदी अनोळखी पत्त्यावरून तिच्यावरचा प्रत्येक फॉर्म भरते. मग क्लायंटला फोन लावते आणि विचारते, "आलं का?" पलीकडे माऊसचे आवाज येतात, कुणी चष्मा शोधत असतं. "आलं" म्हणेपर्यंत मी फोन ठेवत नाही.