पानातला प् काढला तर

शाळेच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यास ऐकू येते किंवा कसे, तपासावे. नवीन शब्द नीट उच्चारत नाही.' मुलगा दहा वर्षांचा. सोबत आजी, आणि घरी एकटी कुठं ठेवायची म्हणून आणलेली आठ वर्षांची धाकटी बहीण.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी स्पीच थेरपिस्ट आहे. शाळा उघडल्या की अशा चिठ्ठ्या वाढतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी परतलेली असतात आणि पोरं पुन्हा वर्गात दिसू लागतात. हा त्यातलाच. दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्यावर जायचं आणि ते उसाच्या फडात असताना कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, तान्ह्या भावाला सांभाळायचं, हे त्याचं काम. बहीण गावात आजीजवळ राहते, रोज शाळेत जाते.

ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची तपासणी, केली. दोन्ही कान उत्तम. मग त्याला बोलतं केलं. कोपी कशी उभारतात, पाचटात साप निघाला तर काय करायचं, रात्री दोनला गाडी आली की कोण उठतं; पोरगं थांबेचना. गोष्ट रंगवून सांगण्यात त्यानं मलाही मागं टाकलं असतं.

पण अर्थ नसलेले शब्द माझ्यामागून म्हणायला लावले आणि गाडी अडली. मी म्हटलं, 'कुमोदाट'. तो म्हणाला, 'मुकादम'. पुन्हा म्हटलं, पुन्हा मुकादमच. बहिणीनं तोच शब्द सावकाश, पण बिनचूक म्हणून दाखवला.

पुढची चाचणी आवाज वगळायची. "'कमळ'मधला क काढला तर?" दोघांनीही 'मळ' सांगितलं. अक्षर अख्खं निघत असेल तर आपल्याकडं हे सोपं जातं. "'पान'मधला नुसता प् काढला तर?" थोरला म्हणाला, 'न'. कोपऱ्यातून आजी म्हणाली, "पानाचा देठ काढतात, बाई. प कशाला काढायचा?" आम्ही सगळेच हसलो.

धाकटी मात्र हसली नाही. तिनं बोटानं तळहातावर 'पा' काढला, मग प वर फुली मारली. थोडं थांबून म्हणाली, "काना उरतो. म्हणजे आ. आन."

वर्षानुवर्षं ही चाचणी घेत आले आहे, पण उत्तर कुठून येतं ते इतकं उघड्यावर क्वचितच दिसतं. तिनं तो आवाज आधी लिपीत पाहिला आणि मग ऐकला.

पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या ओल्याँव या कोळ्यांच्या गावात जुन्या काळी थोरली मुलगी घरी भावंडं सांभाळायची आणि धाकटी शाळेत जायची. त्यामुळं एकाच घरात एक निरक्षर, एक साक्षर. अशा बायकांवर संशोधकांनी काम केलं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नेहमीचे शब्द दोन्ही गटांना म्हणता आले. निरर्थक शब्दांना निरक्षर बायका अडखळल्या आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतलं कामही वेगळं दिसलं. त्याआधी १९७९ मध्ये पोर्तुगालमध्येच दिसलं होतं की शब्दातला पहिला आवाज काढणं निरक्षर प्रौढांना जमत नाही, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना जमतं. पुढं २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ जणांचे स्कॅन झाले. वाचता येणाऱ्यांच्या मेंदूत दृष्टीचा एक भाग अक्षरांना वाहिलेला तर दिसलाच, शिवाय नुसतं बोलणं ऐकतानाही श्रवणाजवळचा एक भाग जास्त जोरात काम करत होता. उशिरा शिकलेल्यांतही यातले बरेच बदल होते.

म्हणून पोरगं ऐकण्यात कमी पडतं, हे वाक्य लिहायला माझा हात धजत नाही. वाचायला शिकताना कान जे शिकतो, ते त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. देवनागरीत तर हे आणखी उशिरा येतं. अक्षर एकसंध असतं. त्याच्या पोटातला स्वर वेगळा काढायची वेळ येते ती काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं गिरवताना. नेमके त्याच महिन्यांत हा फडावर.

आमच्या फॉर्मवर श्रवणदोष, वाचादोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता अशा चौकटी आहेत. 'वाचायला शिकवलेले नाही' अशी चौकट नाही. चारही मोकळ्या सोडल्या आणि शेऱ्यात लिहिलं: श्रवण सामान्य, बोली भाषा वयानुरूप, बाराखडीपासून रोज वाचन-लेखन घ्यावे, ते झाल्यावरच अध्ययन अक्षमतेची तपासणी. आधी तपासलं असतं तर शिक्का हमखास बसला असता, आणि असे शिक्के पुसायला कुणी येत नाही.

आजीला हे सगळं सांगितलं. तिनं मुद्द्याचं विचारलं, "म्हणजे यंदा त्याला फडावर धाडायचा नाही?" मी म्हटलं, नाही पाठवलात तर बरं. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर हेडमास्तरांकडं नाव द्या, नाहीतर तुमच्याकडंच ठेवा.

"मग तान्हं कोण बघणार?" आजी म्हणाली. मग बोटं मोजत स्वतःच हिशोब केला: दोन मोठी, एक धाकटं, एक शेळी. "तान्हंही ठेवते माझ्यापाशी. सुनेचं दूध तुटंल, तेवढं डॉक्टरला विचारून द्या."

मी तिला बालरोग ओपीडीच्या रांगेत नेऊन उभं केलं.