पायाच्या आगीवर मनाची गोळी कशाला?

"भाऊ, माले काय येड लागनं का?" नंदुरबारात औषधाच्या दुकानात बसतो, तिथे हा प्रश्न खालच्या आवाजात नेहमी येतो. शुगरमुळे पाय जळतात, रात्री चादर घासली तरी चटका बसतो, म्हणून डॉक्टरांनी ड्युलॉक्सेटिन नाहीतर अमिट्रिप्टिलिन लिहिलेलं असतं. घरी नातू मोबाइलवर नाव शोधतो, 'डिप्रेशनची गोळी' असं वाचून दाखवतो, आणि आबा दुखावतात. काही जण त्या दिवसापासून गोळी घेतच नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

पायाच्या आगीवर मनाची गोळी का, हे तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. तुमचं दुखणं खोटं आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. मिरची वाळवायच्या पथारीवर ती निवडणाऱ्या बायांचे हात जळतात, तिथे तरी विस्तव कुठे असतो? तिखटातलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांच्या टोकांनाच जागं करतं. हे ज्यांनी उलगडलं त्या डेव्हिड ज्युलियस यांना, दाब ओळखणारी यंत्रणा शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत, 2021 चं नोबेल मिळालं. शुगरमध्ये तर नसच खराब होते आणि कारण नसताना आगीची वर्दी देत राहते.

ही वर्दी आधी मज्जारज्जूत पोचते. ती पुढे किती जोरात जाऊ द्यायची, हे मेंदूही ठरवतो. मेंदूच्या देठात रॅफे नावाचे पेशींचे पुंजके आहेत. त्यांचे तंतू वर मेंदूभर पसरतात, खाली मज्जारज्जूत उतरतात आणि सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. स्पर्श आणि वेदना यांचा जोर त्यानं कमी होतो, कधी वाढतोही. ते कुठल्या प्रकारच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागेवर, बसतं त्यावर हे अवलंबून असतं. म्हणून नुसतं सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या नसांच्या दुखण्यावर कमी पडतात. तुमच्या चिठ्ठीतली गोळी नॉरॲड्रेनालिन हे दुसरं रसायनही वाढवते, आणि वेदना दाबायचं बरंचसं काम त्याचं आहे. हीच दोन रसायनं मनःस्थितीतही असतात, एवढाच 'डिप्रेशनची गोळी' या नावाचा संबंध. 'आनंदाचं रसायन' म्हणून सेरोटोनिन मिरवतं, पण शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं.

गुण यायला काही आठवडे लागतात. मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि गुडघ्यासाठी दुसऱ्या दवाखान्यातून ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध मिळालं असेल, तर ती चिठ्ठीही दाखवा. दोन्ही मिळून सेरोटोनिन धोक्याइतकं वाढू शकतं.