विचारून वाढावे

गेल्या आठवड्यात आमच्या नात्यातला एक साखरपुडा कोल्हापुरातल्याच एका कार्यालयात झाला. मुलीच्या वडिलांनी हौसेने बुफे न ठेवता पंगती मांडल्या होत्या. माझ्यासमोरच्या ओळीत मुलाचे आजोबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे, डोक्याला पटका, जेवणे अगदी सावकाश. जिलेबी वाढायला मुलीचे काका आले तेव्हा आजोबांनी दोनदा ‘नको’ म्हटले आणि पानावर आडवा हात धरला. काकांनी तो हात मोठ्या प्रेमाने बाजूला केला आणि चार जिलेब्या वाढल्या. शेजारची मंडळी हसली, कोणीतरी ‘घ्या हो, नातवाचा साखरपुडा आहे’ असेही म्हणाले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी भाजी संपवली, ताकभात संपवला आणि मग त्या चार जिलेब्यांकडे पाहत बसून राहिले. वडीलधारे माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही, त्यामुळे आम्हीही बसून होतो, आणि आपल्यामुळे सगळे खोळंबले आहेत हे त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण त्यांनी एक जिलेबी मोडून पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि पाठोपाठ दुसरी. हात धुताना त्यांच्या सूनबाईंकडून कळले की ते रोज दोन वेळा इन्सुलिनचे इंजेक्शन घेतात.

त्या काकांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकते. पाहुण्याला भरभरून वाढावे, हेच ते लहानपणापासून पाहत आले आहेत. पण त्याच आजोबांना लहानपणी दुसरा एक संस्कार झाला आहे, तो म्हणजे पानात काही टाकायचे नाही. यजमानाच्या आग्रहाने त्या वृद्ध माणसाला अशा जागी आणून ठेवले, की एकतर अन्न टाकायचे किंवा स्वतःच्या प्रकृतीशी खेळायचे. ज्याने नीट, स्पष्ट शब्दांत नकार दिला होता, त्याच्यावर ही वेळ आपण का आणतो, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

आमच्या गावाचा पाहुणचार मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या, मग चहा, आणि जेवणाची वेळ झाली असेल तर ‘जेवल्याबिगर जायाचं न्हाई’ हे इथे तोंडदेखले म्हटले जात नाही. घरी मटणाचा बेत असला की सुके मटण मोजके असले तरी तांबडा आणि पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा वाढायचाच, ही इथली रीत आहे. परंतु आग्रह करण्यालाही एक पद्धत आहे आणि ती मी माझ्या सासूबाईंकडून, म्हणजे आमच्या आत्याबाईंकडून शिकले. पांढरा रस्सा वाढताना त्या पहिल्या खेपेला अर्धीच वाटी वाढत. अळणी पाणी म्हणजे मटण शिजवलेले पाणी, नारळाचे दूध, काजू, खसखस आणि तीळ असा तो ऐवज काहींना जड पडतो, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या खेपेला त्या ओगराळे पातेल्यातच ठेवत, पातेले पाहुण्याच्या पानाजवळ आणत आणि ‘भाऊजी, आणखी अर्धी वाटी?’ असे विचारून थांबत. थांबत म्हणजे खरोखरच थांबत. त्यांची नजर पाहुण्याच्या तोंडाकडे नसे, हाताकडे असे. हात वाटीवर आला की पातेले पुढे जाई.

मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा एकदा त्यांच्या देखत एका पाहुणीला मी तिसऱ्यांदा भाकरी घेण्याचा आग्रह केला होता. ती माणसे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘एकदा सगळ्यांना इचारायचं, दुसऱ्यांदा नाव घेऊन इचारायचं. तिसऱ्यांदा माणूस लाजंनं घेतोय, भुकेनं न्हाई.’ दुसऱ्यांदा विचारणे मात्र त्या कधी चुकवत नसत, आणि त्याचे कारणही मला पुढे कळले. आपल्याकडे पहिला नकार पुष्कळदा संकोचाचा असतो. परक्या घरी लगेच ‘हो, वाढा’ म्हणणे जमत नाही, म्हणून पहिल्या ‘नको’वर पातेले उचलून नेले तर भुकेला माणूस उपाशी उठण्याची भीती असते. दुसऱ्यांदा नाव घेऊन, त्याच्यापुरते विचारले की संकोच गळून पडतो आणि जे उत्तर येते ते खरे असते. ते उत्तर मानायचे.

पाहुण्याच्या बाजूनेही काही गोष्टी आहेतच. पत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ छापलेले असते म्हणून शेजारच्या दोघांना बरोबर नेणे योग्य नाही. आता बहुतेक ठिकाणी केटररला ताटांची संख्या आधी द्यावी लागते आणि प्रत्येक ताटाचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा आपण किती जण येणार हे एका फोनने कळवावे. ‘कृपया आहेर आणू नये’ असे लिहिले असेल तर तेही यजमानाचे उत्तरच समजावे आणि पाकीट पुढे करून त्याला अवघडवू नये. समोर आलेले मात्र मनापासून घ्यावे. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले आणि अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा मागून प्याले, ही हकीकत कोल्हापुरात मुलांनाही ठाऊक आहे. तो सामाजिक क्रांतीचा भाग होता, हे खरेच; पण मला त्यात पाहुणा कसा असावा हेही दिसते. यजमानाला आपल्या येण्याने मान मिळाला पाहिजे.

आता मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगायची आहे, कारण तिच्यामुळेच हे सगळे मला जेवणाच्या पानापलीकडे लागू करता आले. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला आम्ही जमलो होतो. आमच्यातली एक मैत्रीण बऱ्याच महिन्यांनी आली होती, डोक्यावरून पदर घेऊन, पाळण्यापासून जरा लांब बसली होती. आम्हा मोजक्या जणींनाच माहीत होते की तिचे केमोथेरपीचे उपचार चालू आहेत. पाळणा म्हणताना सगळ्याजणी फार सुंदर दिसत होत्या, म्हणून मी फोनवर फोटो काढले आणि घरी येता येता रिक्षातच व्हॉट्सॲपच्या दोन गटांवर टाकले. एका फोटोत ती होती, पदर थोडा मागे सरकलेला. रात्रीपर्यंत तिला अकरा फोन आले. नात्यातल्या, माहेरच्या, जुन्या नोकरीतल्या माणसांनी काय झाले, कधी झाले, आम्हाला कसे सांगितले नाहीस, असे विचारले. तिने आपल्या म्हाताऱ्या आईलासुद्धा तोवर काही सांगितलेले नव्हते. मी फोटो पुसला, पण तो पुढे गेला होता आणि मी पुसल्याने तो परत येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘तू विचारलं असतंस, तर मी जरा बाजूला सरकले असते गं.’ तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला आजही टोचते.

तेव्हापासून फोटो काढताना एकदा आणि तो कुठे पाठवण्याआधी पुन्हा एकदा, असे मी दोन वेळा विचारते. काढायला होकार देणारा माणूस सगळ्यांना दाखवायलाही तयार असतो असे नाही, हे मला त्या बारशाने शिकवले. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांना विचारते. फोटो दुसऱ्या दिवशी गेला म्हणून कोणाचे काही अडत नाही.

दुःखाच्या घरी तर आणखीच जपावे लागते. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला सकाळी माणसे जमतात; पंचगंगेच्या स्मशानभूमीत पाहिलेली एक गोष्ट मला नेहमी आठवते, की जी माणसे खरोखर जवळची असतात ती फारसे बोलत नाहीत. ‘शेवटी काय झाले, कोणत्या डॉक्टरांकडे होते, आधी का नेले नाही’ हे प्रश्न लांबून आलेले लोक विचारतात, आणि घरचा माणूस तीच हकीकत सकाळपासून विसाव्यांदा सांगतो. सांगायचे असेल तर तो आपण होऊन सांगेल. लग्न कधी, मूल कधी, नोकरीचे काय झाले, हे प्रश्नही मी याच कारणाने सोडून दिले आहेत.

मे २०२२मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. तो ठराव वाचल्यावर मी आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावायचे ठरवले, आणि इथेही माझ्या हातून दुसऱ्या टोकाची चूक होता होता राहिली. मी उत्साहाच्या भरात सरसकट सगळ्यांना कुंकू लावणार होते. जिने तीस वर्षे कुंकू लावलेले नाही, तिच्या कपाळावर चार बायकांच्या देखत ते अचानक टेकवणे म्हणजे पानावरचा हात बाजूला करून जिलेबी वाढण्यासारखेच झाले असते.

यंदाच्या संक्रांतीला समोरच्या घरातल्या काकू पहिल्यांदाच आल्या. दारात जरा घुटमळल्या, मग आत येऊन सतरंजीच्या कडेला बसल्या. मी करंडा घेऊन त्यांच्यापाशी बसले आणि हळूच विचारले, ‘काकू, लावू?’ त्यांनी करंड्याकडे पाहिले, थोडा विचार केला. मी थांबले. मग त्या म्हणाल्या, ‘कुंकू नको बाई. हळद लाव.’ मी त्यांना हळद लावली, हातावर अत्तर लावले, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून आणलेली स्टीलची चाळणी त्यांच्या ओटीत घातली. त्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी उठल्या.